विंचवाची नांगी, पाखराची चोच

पुस्तक हातात आलं की आधी शब्द वाचू नका. फुगे बघा. चित्रकथेत माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडाजवळ जो फुगा निघतो आणि ज्याच्या पोटात त्याचं बोलणं लिहिलेलं असतं, तो फुगा. लहानपणापासून आपण कितीतरी चित्रकथा वाचल्या, पण त्या फुग्याकडे कधी लक्ष गेलं नाही, कारण तो सगळीकडे सारखाच असतो. पांढरा, गोलसर, खाली बारीकशी शेपटी. राजा बोलला तरी तोच आणि राक्षस बोलला तरी तोच.

‘भीमायन’ या पुस्तकात मात्र फुगे सारखे नाहीत. मऊ बोलणाऱ्या, सोसणाऱ्या माणसांचे शब्द पाखराच्या आकाराच्या फुग्यात बसलेले आहेत. टोचणाऱ्या, अपमान करणाऱ्या शब्दांच्या फुग्याला वर वळलेली शेपटी आहे आणि तिच्या टोकाला विंचवाची नांगी. आणि जे बोललं जात नाही, नुसतं मनात येतं, त्या फुग्याला एक डोळा आहे, मनाचा डोळा.

आता तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या नववीच्या एखाद्या वर्गात हे पुस्तक उघडलंय असं समजा. इंग्रजीचा तास आहे. बाकावरच्या मुलीच्या घरी एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, आणि इंग्रजी अजून अडखळत अडखळतच येते. पानावरचं एकही इंग्रजी वाक्य तिला अजून लागलेलं नाही. तरीही या पानावर घाव कोण घालतंय आणि तो कोणावर बसतोय, हे तिला कळलेलं असतं. वाचनाची सुरुवात झालेली असते, शब्दांच्या आधी. हे कसं घडतं, ते जवळून बघण्यासारखं आहे.

पुस्तक कुठून कुठे आलं

या पुस्तकाचा प्रवास बाबासाहेबांच्या लहानपणातल्या साताऱ्याहून सुरू होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साधारण 1935-36च्या सुमारास इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. शीर्षक दिलं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाची वाट पाहताना. अस्पृश्यता ही काय चीज आहे, हे परदेशी माणसाला नुसतं समजावून सांगून कळत नाही, म्हणून त्यांनी स्वतःवर आणि इतरांवर गुदरलेले प्रसंगच पुढे ठेवले. 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या आठवणी पुस्तिकेच्या रूपात छापल्या. अमेरिकेत ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तिथे त्या आज अभ्यासाला असतात.

2011 मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने त्याच आठवणींवरून ‘भीमायन’ काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. व्याम दांपत्य मध्य प्रदेशातलं, परधान गोंड. दुर्गाबाईंना पुढे 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे कथा मराठी मुलखातली, लेखणी इंग्रजी आणि कुंचला गोंडांचा. पुस्तकाचे तीन भाग आहेत: पाणी, निवारा, प्रवास. एका माणसाला जगायला किमान जे लागतं, त्याचीच ही यादी, आणि तिन्ही ठिकाणी अडवलेला एक माणूस.

अशा पुस्तकाला इंग्रजीत ‘ग्राफिक मेमॉयर’ म्हणतात. मराठीत चित्र-आत्मकथन म्हणता येईल. आत्मकथन हा प्रकार मराठी वाचकाला काही नवा नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं आणि त्यानंतर मराठीत आत्मकथनांची अख्खी पिढी उभी राहिली. पण ती सारी शब्दांतली. चित्रातून आठवण सांगायची म्हणजे काय करायचं, याचा जगाला मोठा धडा दिला तो आर्ट स्पीगलमन या अमेरिकन चित्रकाराच्या ‘माउस’ने. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची हकीकत त्याने चित्रांत सांगितली. पहिला भाग 1986 मध्ये आला, दुसरा 1991 मध्ये, आणि 1992 मध्ये त्याला खास पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात ज्यू माणसं उंदराच्या तोंडाची आहेत आणि नाझी मांजराच्या.

इथे एक फरक मनात नोंदवून ठेवा. स्पीगलमनने प्राण्याचं तोंड माणसांना दिलं. व्यामांनी प्राण्याचं शेपूट बोलण्याला दिलं. हा फरक फार खोल जातो.

आदिलाबादची मुलगी या पुस्तकाची कोण लागते

पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ, तर दुसऱ्या काठावर आदिलाबाद. दोन्हीकडे तीच काळी माती, तोच कापूस. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, पण बोली काही नकाशा बघून वाटल्या गेल्या नाहीत. इथल्या एका बाजाराच्या दिवशी तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू, लंबाडी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. त्यात 2022-23पासून तेलंगणाने सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणलं. त्यामुळे इंग्रजी आता वेळापत्रकातल्या एका तासापुरती उरलेली नाही. मुलांना तिच्यातूनच सगळं शिकायचं आहे.

या भागातले परधान हे राजगोंडांचे परंपरेने कथाकार. कुळाच्या कथा, देवांच्या कथा, पूर्वजांच्या वाटा हे सगळं परधान गाऊन सांगतो. त्याच्या हातात किकरी असते, गजाने वाजवायचं तारवाद्य. आणि मला आजही थक्क करणारी गोष्ट ही: ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात इथे राहून अभ्यास केला, तेव्हा त्याने नोंदवलं की आदिलाबादचे परधान घरात मराठी बोलतात आणि गातात मात्र गोंडीत. मायबोली मराठी, गाण्याची भाषा गोंडी. एका भाषेत जगायचं आणि दुसरीत आठवण जपायची, ही कसरत ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली, त्याच्या मुलांना इंग्रजीच्या तासाला ‘भाषा कच्ची आहे’ म्हणायचं म्हणजे फारच घाई झाली.

‘भीमायन’ची चित्रं काढणारे मंडल्याकडचे परधान हे त्याच नावाचे, त्याच कामाचे लोक. त्यांच्या हातातही वाद्य होतं, तीन तारांचं बाना. यजमान कमी झाले, गाणं आटत चाललं. मग 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम या तरुणाची भिंतीवरची चित्रं भोपाळच्या भारत भवनच्या जगदीश स्वामीनाथन यांच्या नजरेत भरली आणि परधानांची गोष्ट गळ्यातून कागदावर उतरली. आदिलाबादच्या परधानांनी ती कंठात ठेवली, मंडल्याच्या परधानांनी रंगात. म्हणून हे पुस्तक आदिलाबादच्या वर्गात आलं तर ते पाहुणं म्हणून येत नाही. दूरच्या भावकीतलं माणूस घरी यावं तसं येतं.

शिवाय नावही ओळखीचं. ‘भीम’ म्हटलं की इथल्या मुलांना आधी आठवतो कोमरम भीम, निजामाच्या सत्तेशी लढताना 1940 मध्ये जोडेघाटला मारला गेलेला गोंड वीर. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावाशी जोडलेली आहे. तिच्यातला पहिला शब्द जल. ‘भीमायन’चा पहिला भाग पाणी. दोन भीम, एक कोमरम आणि दुसरे बाबासाहेब, आणि दोघांची गोष्ट पाण्यापासून सुरू होते.

दोन चित्रांच्या मधली फट

आता चित्रकथा चालते कशी, ते पाहू. नेहमीच्या चित्रकथेत पानावर चौकटी असतात आणि दोन चौकटींच्या मध्ये कोरी फट. इंग्रजीत तिला ‘गटर’ म्हणतात. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने 1993 मध्ये ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे चित्रकथेबद्दलचं पुस्तक चित्रकथेतच लिहिलं. त्यात तो सांगतो की चित्रकथेची सगळी करामत या फटीत आहे. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसरीत खाली पडलेला माणूस. फटका कुठे आहे? कुठेच काढलेला नाही. तो वाचकाने मारला.

सिनेमात दोन चित्रांमधली जागा यंत्र भरतं, एका सेकंदाला चोवीस वेळा, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. चित्रकथेत ती जागा वाचकाने भरायची असते. जितका वेळ हवा तितका घेऊन, आणि स्वतःच्या अनुभवातलं काहीतरी टाकून. दहा मुलं एकच पान वाचतात तेव्हा त्या फटीत दहा वेगळ्या गोष्टी घडतात. ‘चित्रांचं पुस्तक म्हणजे सोपं’ हा समज इथेच मोडतो. वाचकाच्या वाट्याचं काम चित्रांनी कमी होत नाही, उलट काही जागा केवळ त्याच्यासाठीच मोकळ्या सोडलेल्या असतात.

व्याम दांपत्याने तर चौकटीच नाकारल्या. पात्रांना खोक्यांत कोंबायचं नाही, आपली चित्रकला मोकळ्यावरची, खुली आहे, असं त्यांनी कामाच्या सुरुवातीलाच सांगितलं. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात शुभ म्हणून जी नक्षी काढतात, तिला डिगना म्हणतात. पानावर एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा करायला त्यांनी सरळ रेघ न मारता डिगन्याची वळणदार पट्टी वापरली. त्यामुळे पान वरून खाली, डावीकडून उजवीकडे असं रांगेत चालत नाही. डोळ्याला वाट शोधावी लागते. ज्याला गावाकुसाबाहेर ठेवलं, ज्याच्या येण्याजाण्यावर रेघा मारल्या, त्याची गोष्ट चौकटीत न कोंडणं हाही त्या गोष्टीचा अर्थच आहे.

आणि वस्तू! आगगाडी सापासारखी वळत जाते. दौलताबादचा किल्ला हिंस्र श्वापद होऊन उभा राहतो. तहानलेल्या भीमचं धड मासा होतं. पाण्याविना मासा, ही उपमा आपण बोलताना सहज वापरतो. इथे ती पानावर साक्षात तडफडते. यातली दौलताबादची हकीकत 1934ची. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ला बघायला गेले, धुळीने माखले होते म्हणून दारापाशी असलेल्या लहानशा टाक्याच्या पाण्याने काहींनी तोंड आणि पाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून त्यांच्यावर लोक धावून आले. तेव्हा दौलताबाद निजामाच्या राज्यात होतं, आणि आदिलाबादही.

मसूर स्टेशनवरचा एक क्षण

एकच प्रसंग नीट बघू. साल 1901. नऊ वर्षांचा भीम, म्हणजे लहानगे बाबासाहेब, त्याचा मोठा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून वडिलांकडे निघाली आहेत. वडील दूर गोरेगावला खजिनदार म्हणून काम करत, तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. पोरं पहिल्यांदाच आगगाडीत बसणार, म्हणून नवे कपडे शिवले होते: इंग्रजी वळणाचे सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोचते. घ्यायला कोणीच आलेलं नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशन रिकामं होतं. स्टेशनमास्तर जवळ येतो, आपुलकीने विचारपूस करतो. कोण तुम्ही, कुठे जायचंय?

मुलं सांगतात, आम्ही महार.

स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. तो मागे सरतो आणि आपल्या खोलीत निघून जातो.

आता नववीच्या वर्गाला एक काम देऊ. याची दोन चित्रं काढा, उत्तराच्या आधीचं आणि उत्तरानंतरचं. मुलं कामाला लागतील आणि थोड्याच वेळात अडतील. कारण मुलं तीच. सदरा तोच, टोपी तीच, जोडे तेच, फलाटही तोच. दोन चित्रांमध्ये पोरांच्या अंगावरची एक रेघसुद्धा बदलत नाही. बदलतो तो समोरच्याचा चेहरा आणि अंतर. मग त्या दोन चित्रांच्या मधल्या फटीत पडलं काय? एक शब्द.

जात चित्रात काढता येत नाही. मला वाटतं, या सगळ्या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. झाड काढता येतं, किल्ला काढता येतो, तहानही मासा करून दाखवता येते. पण जात काढायला बसा, हाताला काही लागत नाही, कारण ती माणसाच्या अंगावर नाहीच. ती बोलण्यात आहे, विचारण्यात आहे, मागे सरलेल्या पावलात आहे. म्हणूनच व्यामांनी नांगी कुणाच्या चेहऱ्याला लावली नाही, फुग्याला लावली. विष जिथे आहे तिथेच त्यांनी ते दाखवलं. पानभर लिहून जे सांगावं लागलं असतं, ते त्या एका वळलेल्या शेपटीने सांगितलं.

पुढची हकीकतही मुलांना सांगावी. एकही बैलगाडीवाला पोरांना घ्यायला तयार नव्हता. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी मिळाली, तीही अशी की हाकायची मुलांनी आणि गाडीवान बाजूने चालणार. बरोबर डबा भरून खाणं होतं, पण पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर गाडीवानाच्या सांगण्यावरून नऊ वर्षांच्या भीमने आपण मुसलमान असल्याचं उर्दूत सांगितलं आणि पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. चार पोरं भरल्या डब्यापाशी उपाशी झोपली.

इंग्रजीच्या तासाला याचा काय उपयोग

कोणी विचारेल, हा सामाजिक शास्त्राचा विषय झाला, यात इंग्रजी कुठे आलं? इंग्रजी इथेच येतं.

एक तर, हाच प्रसंग बाबासाहेबांच्या मूळ इंग्रजीत उपलब्ध आहे आणि ते इंग्रजी साधं, स्वच्छ, घडलं तसं क्रमाने सांगणारं आहे. वर्गात ज्याला स्वतःच्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे, शिपायाने वरून ओतलं तरच ज्याला पाणी मिळे, त्या मुलाने पुढे मोठेपणी लिहिलेलं हे इंग्रजी आहे. तीही त्याची शिकलेलीच भाषा होती. मूळ परिच्छेद एका बाजूला आणि चित्राचं पान दुसऱ्या बाजूला ठेवून मुलांना विचारायचं: लेखकाने सांगितलेलं काय चित्रात आलं नाही? चित्रात आलेलं काय लेखकाने लिहिलं नव्हतं? मासा कुठून आला? या प्रश्नांची उत्तरं पाठांतराने देता येत नाहीत. त्यासाठी दोन्ही पानं पुन्हा पुन्हा वाचावी लागतात, आणि परक्या भाषेतलं पान पुन्हा वाचायला मुलांना कारण मिळणं, ही शिक्षकाला हवी असलेली सगळ्यात अवघड गोष्ट असते.

दुसरं, कोण बोलतंय ते. इंग्रजी परिच्छेदात संवाद आला की मुलं हमखास गोंधळतात. तो म्हणाला, ती म्हणाली, कोण कोणाला म्हणालं? चित्रकथेत बोलणाऱ्याकडे फुगाच बोट दाखवतो. मग फुग्यातलं बोलणं उचलून साध्या वाक्यात लिहायचं, तेव्हा काळ बदलतो, सर्वनाम बदलतं. आपण ज्याला ‘डायरेक्ट’, ‘इनडायरेक्ट’ म्हणून फळ्यावर नियमांनी शिकवतो, ते इथे हाताने करून बघता येतं. आणि करताना मुलांच्या ध्यानात येतं की फुग्यातून वाक्य बाहेर काढलं की नांगी गळून पडते. शब्द तेच राहतात, विष जातं. मग ते विष परत आणायला कोणतं क्रियापद हवं? नुसतं म्हणाला, की खेकसला, की हिणवलं? नेमका इंग्रजी शब्द शोधायची निकड अशी लागते.

तिसरं, मुक्या चित्राला वाक्य द्यायचं. ज्या चित्रात एकही अक्षर नाही, त्याखाली एक इंग्रजी वाक्य लिहायचं. ज्याची भाषा तोकडी आहे त्यालाही इथे सांगायला काहीतरी असतं. अर्थ आधी मनात येतो, मागून शब्द येतात. परक्या भाषेत बहुतेक वेळा याच्या उलट होतं: शब्द आधी पाठ होतात आणि अर्थ मागे राहतो.

या वाटेवर आदिलाबाद अनोळखी नाही. 1943 मध्ये हायमेनडॉर्फच्या पुढाकाराने मारलावाईला गोंडांसाठी शिक्षणाचं केंद्र सुरू झालं, तेव्हा गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत छापली गेली. मराठी वाचक ज्यांना शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो, त्या सेतुमाधवराव पगडींनी निजामाच्या नोकरीत असताना याच मुलखातली गोंडी आत्मसात केली आणि पुढे तिचं व्याकरण लिहिलं. मुलाच्या घरातल्या गोष्टीला शाळेत जागा द्या, अक्षर मग रुजतं, हा विचार इथे ऐंशी वर्षांपूर्वीच करून झाला आहे.

जपून, पण नक्की

हे पुस्तक वर्गात नेणं हलक्या हाताने करायचं काम नाही. त्यात मारहाण आहे, खैरलांजीच्या हत्याकांडाचा संदर्भ आहे. वर्गात ज्यांच्या घरी हा घाव सोसला गेला ती मुलंही असतात आणि बाकीचीही. एखाद्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळल्या, तर धडा चालू असतानाच मसूरचं स्टेशन पुन्हा उभं राहिलं असं समजावं. म्हणून कोणालाही ‘तुझा अनुभव सांग’ म्हणू नये. चित्रावर बोलावं, फुग्यावर बोलावं. ज्याला स्वतःचं सांगावंसं वाटेल तो सांगेल. चित्र मध्ये असल्याचा हा मोठा फायदा आहे. सगळ्यांची नजर कोणा एका मुलावर न जाता पानावर राहते.

जगात अशी पुस्तकं शाळेतून काढलीही गेली आहेत. इराणच्या क्रांतीत बालपण गेलेल्या मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ हे चित्र-आत्मकथन 2013 मध्ये शिकागोच्या सातवीच्या वर्गांतून हटवलं गेलं. जानेवारी 2022 मध्ये टेनेसी राज्यातल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने आठवीच्या अभ्यासातून ‘माउस’ काढलं. हीच हकीकत निव्वळ शब्दांत असती तर एवढी खळबळ उडाली असती का? चित्र थेट भिडतं, म्हणून ते नको वाटतं, आणि नेमकं म्हणूनच ते हवं.

दिल्ली विद्यापीठाने इंग्रजी ऑनर्सच्या ‘पॉप्युलर लिटरेचर’ या पेपरात ‘भीमायन’ लावलं, तेव्हा एक फार चांगली गोष्ट केली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी त्याच जागी आंबेडकरांच्या आत्मकथनपर नोंदी ठेवल्या. चित्र दिसत नाही त्याला मूळ शब्द. यातून उलट बाजूचाही विचार सुचतो. परकी भाषा अजून नीट दिसत नाही त्याला आधी चित्र का देऊ नये? दोघांनाही पोचायचंय एकाच गोष्टीपाशी.

आपलं पान

शेवटी मुलांनी स्वतःचं एक पान करावं. नमुन्यासाठी लांब जायला नको. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. तेलंगणातच चेरियालची पटचित्रं उलगडत कथा सांगतात. आणि आदिलाबादच्या मुलांना तर दरवर्षी एक चालती चित्रकथा दिसते. पुष्य अमावास्येच्या आधी मेस्राम कुळातली माणसं झारी घेऊन गोदावरीला पायी जातात आणि तिथलं पाणी केसलापूरला आणून नागोबाला घालतात. मुक्काम, झाड, नदी, परतीची वाट, असं एकेक चित्र होत जाईल. त्या पानाशेजारी मसूरच्या रात्रीचं पान ठेवा. एका पानावर पाण्यासाठी अनवाणी चालणारं अख्खं कुळ, दुसऱ्यावर पाण्यावाचून झोपलेली चार पोरं. या दोन पानांच्या मध्ये जी फट आहे, तिच्याबद्दल मुलं काय लिहितात ते वाचावं.

पान लहान करायचं असेल तर एकच वाक्य पुरे. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ तू कुठली? इंग्रजीच्या पहिल्या धड्यांत येणारं हे वाक्य. मसूरच्या स्टेशनमास्तरनेही असंच काहीसं विचारलं होतं, आधी मायेने. गोंडांच्या गुड्यातून, म्हणजे पाड्यातून, तालुक्याच्या वसतिगृहात आलेल्या मुलीला तर ते कितीतरी वेळा कानावर पडलेलं असतं. मुलांना सांगायचं, हे वाक्य दोन फुग्यांत लिहा. एकाला चोच काढा, दुसऱ्याला नांगी. शब्द एकही बदलायचा नाही. आणि मग दोन्हींखाली, इंग्रजीत, आपलं उत्तर.

‘भीमायन’मध्ये महाडचा सत्याग्रह आहे, 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेलेली माणसं आहेत. तिथे बाबासाहेब बोलत असताना ध्वनिक्षेपकांतून त्यांच्या शब्दांबरोबर पाण्याचे फवारे उडतात आणि खालची माणसं भिजतात. ज्याच्या तहानेचा मासा झाला होता, त्याच्याच बोलण्याचं पाणी झालं. पहिल्या भागाच्या पानांत हे दोन्ही आहे. नववीतली मुलगी आपल्या दोन फुग्यांखाली उत्तर लिहायला बसेल, तेव्हा ही दोन्ही पानं तिने पाहिलेली असावीत. मग तिचं इंग्रजी दोन ओळींचं असलं तरी चालेल. आपल्या उत्तराला कोणता आकार द्यायचा, ते तिला ठाऊक असेल.